मधुमेह्यांच्या हृदयाची पारख

(आपल्या ज्ञातिसंस्थेच्या वांद्रे येथील वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आजचा विषय वैद्यकाचा आहे आणि वक्ता मात्र वैद्य नाही. मॅट्रिकच्या पुढे मी कॉलेजची पायरी चढलो नाही. सारा जन्म मुलांना गणित व शास्त्र हे विषय शिकविण्यात गेला. असे असता कार्यवाहांनी हे काम मजवर का सोपविले, असा प्रश्न आपणांस पडला असेल. याचे कारण एवढेच की, आपल्या वैद्यकीय साहाय्य निधीत बऱ्यापैकी रक्कम साठली असून, तिचा विनियोग करून ज्ञातीतील झाडून साऱ्या मधुमेही मंडळींच्या हृदयाची 'एको' तपासणी एका शिबिरात मोफत करावी, अशी सूचना कार्यकारी मंडळापुढे आली आहे. मी स्वतः चौदा वर्षांचा मधुमेही, आणि आमच्या घरात या तपासणीचा अनुभव घेतलेला. म्हणून सूचनेचा निर्णय करण्यापूर्वी ही तपासणी म्हणजे काय, ती काय दाखविते, काय दाखवीत नाही, आणि कोणाची करावी, याचा उलगडा एखाद्या मास्तराने फळ्यावर करावा तसा मी करावा, अशी मंडळाची इच्छा दिसली. तज्ज्ञ डॉक्टरांना विचारून व मिळेल ते वाचून जे समजले, ते आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम रोगाची व्याप्ती पाहू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांवरून २०२१ साली आपल्या देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह होता, आणि आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे होते, असे अनुमान निघाले. सर्वांत अधिक प्रमाण आढळले ते आपल्या शेजारच्या गोव्यात. तेथे शंभरातील २६ प्रौढांना हा रोग होता. "आमच्या घरी कोणी लठ्ठ नाही, आम्हांस कसली भीती?" असे म्हणणारे आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे उदाहरण सांगतो. त्यांनी व इंग्लंडमधील डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात आपल्या दोघांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. पण युडकिनसाहेबांच्या शरीरात चरबी होती शेकडा ९, आणि आपल्या याज्ञिकांच्या शरीरात शेकडा २१! सडपातळ दिसणाऱ्या भारतीयाच्या अंगात चरबी दडून बसलेली असते, हे त्यावरून जगाला कळले. तेव्हा वजनकाट्यावर विसंबून कोणी निर्धास्त राहू नये.

दुसरी गोष्ट थोडी कटू आहे, पण घरातल्या माणसांपुढे बोलावयास हरकत नाही. आपल्यात मधुमेह लपविण्याची रीत आहे. मुलीचे लग्न जमावयाचे असते, मुलाचा वधूवर मेळाव्यातील अर्ज भरावयाचा असतो. अशा वेळी वडिलांची साखर, आईचे इन्शुलिन, यांविषयी घरात कुजबुजसुद्धा होऊ देत नाहीत. पंगतीत आग्रहाने वाढलेली जिलबी नाकारली तर कारण सांगावे लागेल, म्हणून ती खाल्ली जाते. आणि जो रोग लपवावयाचा, त्याने हृदयावर केलेला परिणाम शोधावा असे कोणाच्या मनात येणार? रोग गुपित राहिला तरी हृदय त्याचा हिशेब ठेवीतच असते.

हा परिणाम तीन वाटांनी होतो. पहिली वाट सर्वांच्या परिचयाची. हृदयाला रक्त पुरविणाऱ्या धमन्यांत मेदाचे थर साचून त्या अरुंद होतात व झटका येतो. परंतु मधुमेहात एक विशेष संकट असे की, दीर्घकाळच्या साखरेने मज्जातंतू बधिर होतात, आणि छातीत कळ यावयाची ती येतच नाही. घरात चोर शिरला असता राखणदार कुत्रा भुंकलाच नाही, तशातला हा प्रकार. दुसरी वाट रक्तदाबाची. मधुमेहाचा हा सख्खा सोबती हृदयाच्या भिंती जाड करतो. या संदर्भात एका मुंबईकराचे स्मरण करणे उचित होईल. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली आपल्या सर्पगंधा वनस्पतीचा रक्तदाबावरील गुण पाश्चात्त्य वैद्यकापुढे मांडला, आणि १९५७ साली त्यांना अमेरिकेतील मानाचे लास्कर पारितोषिक मिळाले.

तिसरी वाट मात्र अनेकांना ठाऊक नसते. धमन्या मोकळ्या असतात, रक्तदाब बेताचा असतो, तरीही हृदयाचा स्नायूच हळूहळू ताठर होत जातो. रक्तातील जादा साखर स्नायूंमधल्या तंतूंना चिकटून त्यांची लवचिकता घालविते, सूक्ष्म रक्तवाहिन्या बिघडतात, आणि हृदय साखरेऐवजी मेदावर अधिकाधिक विसंबू लागते. १९७२ साली अमेरिकेत डॉ. शर्ली रुबलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा चार मधुमेही रुग्णांचे मृत्यूनंतरचे निरीक्षण प्रसिद्ध केले. चौघांचेही हृदय थकून निकामी झाले होते, पण धमन्यांत त्याला पुरेसे कारण सापडले नाही. तेव्हापासून या विकाराला मधुमेहजन्य हृदयस्नायुविकार असे स्वतंत्र नाव मिळाले. दोनच वर्षांनी, १९७४ साली, अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावी १९४८ पासून चाललेल्या पाहणीचे आकडे आले. मधुमेही पुरुषांत हृदय दुर्बल होण्याचा संभव इतरांहून दुपटीपेक्षा अधिक, आणि मधुमेही स्त्रियांत तो सुमारे पाचपट आढळला. भगिनींनो, हा पाचपटीचा आकडा आपण विशेष ध्यानात ठेवावा. कारण घरातील बाईला दम लागला तर "वय झाले, वजन वाढले" असे म्हणून तिची बोळवण करण्यात आपली सर्व घरे सारखीच तत्पर असतात.

आता हृदयाच्या कामाचे थोडे गणित मांडू. मिनिटाला ७५ ठोके धरले तर एका ठोक्यास ०.८ सेकंद लागतो. त्यातील सुमारे ०.३ सेकंद हृदय आकुंचन पावते, आणि उरलेला ०.५ सेकंद ते सैल पडून रक्ताने भरते. म्हणजे दाबण्यापेक्षा सैल पडण्याचा काळ मोठा. या सैल पडण्यास कोणी विश्रांती म्हणतात. पण ती निव्वळ विश्रांती नव्हे. त्यात शक्ती खर्च होते, आणि हृदयाच्या डाव्या बाजूला तिचे स्वतःचे रक्त मुख्यतः याच अवधीत मिळते. दिवसाला असे १ लाख ८ हजार ठोके पडतात.

निरोगी माणसाच्या डाव्या जवनिकेत, म्हणजे खालच्या मोठ्या कप्प्यात, समजा १२० मिलिलिटर रक्त भरले आणि तिने त्यांतील ७० बाहेर फेकले. तर शेकडा ५८ फेकले गेले. या प्रमाणाला डॉक्टर 'इजेक्शन फ्रॅक्शन' म्हणतात, आणि साधारणतः ५० ते ७० हे प्रमाण चांगले समजले जाते. आता दुसरे हृदय घ्या. ते ताठर झाले आहे, पुरते सैल पडत नाही, म्हणून त्यात ८० मिलिलिटरच रक्त मावते. त्यांतील ४८ ते बाहेर फेकते. प्रमाण काढा: शेकडा ६०! कागदावर दुसरे हृदय पहिल्याहून सरस ठरले. पण मिनिटाचा हिशेब केला तर पहिल्याने ५,२५० मिलिलिटर रक्त शरीराला दिले, आणि दुसऱ्याने केवळ ३,६००. हे आकडे समजुतीसाठी मी ठळक घेतले आहेत. खऱ्या रोग्यात हृदय ठोके वाढवून वा आतला दाब वाढवून ही तूट काही काळ भरून काढते. बसल्या जागी मग काहीच जाणवत नाही. वांद्रे स्थानकाचा पूल चढताना, किंवा मोत मावलीच्या पायऱ्यांवर, हृदयाकडे जादा मागणी गेली की तूट उघडी पडते. वाढलेला दाब मागे फुप्फुसात पोचतो आणि माणूस धापा टाकू लागतो.

विद्यार्थ्याला शेकडा साठ गुण मिळाले हे कळले तरी ते किती गुणांच्या परीक्षेत मिळाले, हे विचारल्यावाचून मास्तर समाधान पावत नाही. हृदयाच्या अहवालाचेही तेच आहे.

मग ही मोजमापे छाती न उघडता करतात तरी कशी? त्याची कथा मनोरंजक आहे. स्वीडनमधील लुंड येथे इंगे एडलर नावाचे हृदयरोगाचे डॉक्टर होते, आणि हेल्मुट हर्ट्झ नावाचे तरुण पदार्थवैज्ञानिक. जहाजाच्या पोलादी पत्र्यात आत कोठे तडा आहे काय, हे ध्वनिलहरी पाठवून व त्यांचा प्रतिध्वनी टिपून शोधण्याचे यंत्र मालमो येथील गोदीत होते. पोलादातील दोष कळतो तर छातीतील हृदय का कळू नये, असा विचार करून हर्ट्झ यांनी ते यंत्र सुटीच्या दिवसापुरते उसने आणले. पुढे चांगले यंत्र मिळवून २९ ऑक्टोबर १९५३ रोजी त्या दोघांनी धडधडत्या हृदयाचा पहिला प्रतिध्वनी नोंदविला. १९७७ साली त्यांनाही लास्कर पारितोषिक मिळाले, जे वीस वर्षांपूर्वी आपल्या डॉ. वकिलांना मिळाले होते.

आपल्या कानाला सेकंदाला २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. एकोच्या यंत्रातील लहरी सेकंदाला वीस ते चाळीस लाख कंपनांच्या असतात. शरीराच्या मऊ भागातून ध्वनी सेकंदाला सुमारे १,५४० मीटर जातो. छातीच्या आत १५ सेंटिमीटरवर असलेल्या भिंतीवर आपटून परत येण्यास त्याला सेकंदाचा सुमारे पाच हजारावा भाग लागतो. डोंगरात हाक मारून प्रतिध्वनीवरून कड्याचे अंतर काढण्याचे जे उदाहरण आपण शाळेत सोडविले, तेच हे यंत्र सेकंदात हजारो वेळा सोडविते आणि त्यातून हलते चित्र उभे करते. यात क्ष-किरण नाहीत, सुई नाही, वेदना नाही. छातीवर थंडगार लेप लावून एक दांडा फिरवितात, एवढेच.

केवळ आकार कळून भागत नाही. रक्ताची व स्नायूची गती कळावी लागते. त्यासाठी ख्रिश्चन डॉपलर यांनी १८४२ साली मांडलेल्या नियमाचा उपयोग होतो. फलाटावर न थांबता जाणाऱ्या गाडीचा भोंगा जवळ येताना चढा आणि दूर जाताना उतरता वाटतो. त्या फरकावरून गाडीचा वेग काढता येतो. तद्वत हृदयात शिरणाऱ्या रक्ताचा वेग काढतात. रक्त दोन लाटांनी भरते. जवनिका सैल पडताच आत येणारी पहिली लाट, तिला 'ई' म्हणतात. आणि वरच्या कर्णिकेने शेवटी रेटलेली दुसरी, ती 'ए'. तरुण निरोगी हृदयात पहिली लाट मोठी असते. वयोमानाने ती ओसरते, म्हणून केवळ लाटांवरून निर्णय करीत नाहीत. झडपेलगतचा स्नायू सैल पडताना किती वेगाने हलतो तेही मोजतात. जवनिकांमधील पडद्याच्या बाजूला हा वेग सेकंदाला ७ सेंटिमीटरहून कमी असेल तर स्नायू मंदावला, असे समजतात. रक्ताच्या पहिल्या लाटेच्या वेगाला या स्नायूच्या वेगाने भागले असता उत्तर १४ च्या वर गेले, तर आतील दाब वाढल्याची ती खूण. शिवाय डावी कर्णिका पसरली आहे काय, हे पाहतात. कारण दीर्घकाळ दाब सोसणारी कर्णिका फुगते. अलीकडे 'स्ट्रेन' नावाचे आणखी एक माप निघाले आहे. हृदय आकुंचन पावताना लांबीने शेकडा किती आखडते, ते चित्रातील बारीक ठिपक्यांचा माग काढून मोजतात. निरोगी हृदय सुमारे शेकडा २० आखडते. मधुमेह्यांत 'इजेक्शन फ्रॅक्शन' उत्तम असतानाच हे माप घसरू लागलेले पुष्कळदा आढळते.

याचे प्रत्यंतर आमच्याच घरी आले. माझे वडीलबंधू अठरा वर्षांचे मधुमेही. तीन वर्षांपूर्वी त्यांना स्थानकाचा पूल चढताना मध्ये थांबावे लागू लागले. रात्री एक उशी पुरेना, दोन लागू लागल्या. एके ठिकाणी एको करून घेतला. अहवालात ठळक अक्षरांत लिहिले होते, "इजेक्शन फ्रॅक्शन ६० टक्के", आणि खाली "सर्व ठीक" अशा अर्थाचा शेरा. स्नायूच्या वेगाचा रकाना कोराच होता. कर्णिकेच्या मापाचाही तोच प्रकार. घरात सर्वांनी सुटकेचा श्वास टाकला. दम लागण्याचे खापर वयावर फुटले. चार महिन्यांनी पायांना सूज आली, आणि एका पहाटे श्वास कोंडल्यामुळे त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. तेथे दुसरा एको झाला. प्रमाण पुन्हा साठच. परंतु या वेळी कोरे रकाने भरले गेले. भागाकाराचे उत्तर १८ आले, आणि कर्णिका पसरलेली दिसली. औषधे बदलली, मीठ कमी झाले, आणि आज बंधू सावकाश का होईना, एका दमात पूल चढतात. ते इथेच दुसऱ्या रांगेत बसले आहेत, आणि हे सांगण्यास त्यांची अनुमती आहे. पहिल्या ठिकाणाचे नाव मी घेणार नाही. तो एको चुकीचा नव्हता, पण अपुरा होता.

एकोशिवायही हृदयाची चित्रे निघतात. चुंबकीय चित्रण, म्हणजे एम. आर. आय., स्नायूत तंतुमय वण किती पडले ते इतर कोणत्याही साधनापेक्षा चांगले दाखविते. ते तंत्र विकसित करणाऱ्या लॉटरबर व मॅन्सफिल्ड या शास्त्रज्ञांना २००३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. सी. टी. चित्रणाने धमन्यांतील चुना व अरुंदपणा कळतो. किरणोत्सर्गी द्रव्य टोचून घेतलेल्या चित्रात श्रमाच्या वेळी रक्तपुरवठा कोठे कमी पडतो ते दिसते. पण ही साधने महाग आहेत, आणि विशिष्ट प्रश्न पडल्यावरच त्यांकडे वळावयाचे असते.

येथवर ऐकून आपण म्हणाल, "मास्तर, मग तर सर्वांचाच एको करून टाकू या!" येथेच मला थोडे थांबण्याची विनंती करावयाची आहे. तपासणी चांगली असणे वेगळे, आणि ती सरसकट सर्वांवर केल्याने लोकांचे कल्याण होणे वेगळे. अमेरिका व कॅनडात ११२३ मधुमेही घेऊन एक प्रयोग झाला. कोणालाच हृदयाचा त्रास जाणवत नव्हता. निम्म्यांचे किरणोत्सर्गी चित्रण केले, निम्म्यांचे केले नाही. २००९ साली निष्कर्ष आले. सुमारे पाच वर्षांत पहिल्या गटात शेकडा २.७ जणांना हृदयाचा झटका वा हृदयविकाराने मृत्यू आला, दुसऱ्या गटात शेकडा ३ जणांना. म्हणजे जवळजवळ फरक नाही. त्रास नसलेल्या सर्वांच्या धमन्यांची चित्रे काढून लाभ झाला नाही. कारण दोन्ही गटांना साखर, रक्तदाब व चरबी यांवरची औषधे चांगली मिळत होती.

याउलट आयर्लंडमध्ये वेगळी पद्धत योजिली. हृदयावर ताण पडला की त्यातून एक द्रव्य रक्तात उतरते, त्याला बी. एन. पी. म्हणतात. मधुमेह, रक्तदाब इत्यादी धोके असलेल्या १३७४ लोकांपैकी निम्म्यांत ही रक्तचाचणी केली, आणि ज्यांचा आकडा ५० किंवा त्याहून अधिक आला त्यांचाच एको करून त्यांवर अधिक लक्ष पुरविले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणे, हृदय दुर्बल होण्याचे प्रमाण शेकडा ८.७ वरून ५.३ वर आले. अमेरिकेतील मधुमेह संघटनेने २०२२ साली याच धर्तीवर सल्ला दिला: मधुमेह्यांची ही रक्तचाचणी वर्षातून एकदा करावी, आणि बी. एन. पी. ५० वा एन. टी.-प्रो-बी. एन. पी. १२५ च्या घरात पोचला तर एको करावा. मात्र लठ्ठ माणसात हा आकडा खोटाच कमी दिसू शकतो आणि मूत्रपिंड बिघडले असता जास्त, म्हणून अर्थ डॉक्टरांनीच लावावयाचा.

आता एक व्यवहाराची गोष्ट. पाश्चात्त्य देशांत रक्त आधी व एको मागाहून, यात पैसा वाचतो. आपल्या मुंबईत या रक्तचाचणीचा दर पुष्कळ ठिकाणी एकोच्या आसपासच असतो! तेव्हा सर्वांचे रक्त तपासूनही निधीची बचत होणार नाही. शिवाय शिबिराला दुसरीही अडचण आहे. गर्भलिंगनिदानास प्रतिबंध करणारा कायदा महाराष्ट्राने देशात प्रथम, १९८८ साली केला, आणि १९९४ साली केंद्राचा कायदा झाला. त्या कायद्याखाली ध्वनिलहरींची यंत्रे नोंदलेल्या जागीच वापरण्याचे कडक नियम आहेत. ते योग्यच आहेत. लेकींच्या रक्षणासाठी आहेत. पण त्यामुळे एकोचे यंत्र टेम्पोत घालून सभागृहात आणता येईल, अशी कल्पना कोणी करू नये. आणि तिसरे असे की, एका दिवसात शंभर एको उरकावयाचे म्हटले तर तेच कोरे रकाने पुन्हा दिसतील, ज्यांनी आमच्या घराला चार महिने अंधारात ठेवले.

म्हणून माझी सूचना तीन चाळण्यांची आहे. पहिली चाळण बिनखर्चाची: प्रत्येक घरी एक प्रश्नपत्रिका. मधुमेह किती वर्षांचा? पूर्वीइतके चालवते काय? जिना चढताना थांबावे लागते काय? रात्री किती उश्या लागतात? संध्याकाळी पायांवर सूज येते काय? आठवड्यात वजन एकाएकी दोन किलो वाढले काय? हे काम आपले तरुण कार्यकर्ते, विशेषतः महिला मंडळाच्या भगिनी, उत्तम करतील. दुसरी चाळण: ज्ञातीतील डॉक्टर मंडळींनी सर्व मधुमेह्यांचा रक्तदाब, नाडी, कार्डिओग्राम व लघवीतील प्रथिने तपासावी; आणि जेथे शंका राहील, किंवा मधुमेह जुना असून रक्तदाब वा मूत्रपिंडाचा विकारही जोडीला असेल, तेथे रक्तचाचणी निधीतून करावी. तिसरी चाळण एकोची, आणि ज्यांना दम वा सूज आहे त्यांना मधल्या चाळणीत न अडकविता थेट तिच्याकडे धाडावे. आपल्या वांद्र्यात व आसपास रुग्णालयांची वाण नाही: महापालिकेचे भाभा, होली फॅमिली, लीलावती, आणि खाडी ओलांडली की माहीमचे रहेजा, जे मधुमेहाच्या उपचारासाठीच नावाजले आहे. कोठेही जा, परंतु पाठविताना चिठ्ठीवर लिहा की रोगी मधुमेही आहे, आणि शिथिलीकरणाची सर्व मापे, कर्णिकेचे आकारमान, व शक्य तर स्ट्रेन, हेही अहवालात यावे.

कोणी विचारील, आधी कळून उपयोग काय? पूर्वी फारसा नव्हता, आज आहे. २०१५ साली एम्पाग्लिफ्लोझिन या औषधाचा ७ हजारांवर मधुमेह्यांतील प्रयोग प्रसिद्ध झाला. हृदय दुर्बल झाल्यामुळे रुग्णालयात जावे लागण्याचे प्रमाण त्याने शेकडा ३५ नी घटविले. २०२१ साली ताठर हृदयाच्या रोग्यांतही त्याचा गुण दिसून आला. हे औषध मूत्रपिंडावाटे साखर बाहेर टाकते. आपल्या प्राचीन वैद्यांनी ज्या मूत्रातील गोडीवरून मधुमेह हे नाव ठेवले, तीच गोडी वाढवून आज हृदय वाचविता येते, हा कालाचा महिमा होय! याच वर्गातील डापाग्लिफ्लोझिनचे पेटंट आपल्याकडे २०२० साली संपले आणि एम्पाग्लिफ्लोझिनचे मार्च २०२५ मध्ये. त्यामुळे किमती पुष्कळ उतरल्या आहेत. मात्र निर्जळी उपवास करणाऱ्यांनी, इन्शुलिन घेणाऱ्यांनी वा वारंवार लघवीचा संसर्ग होणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नये. उलट पायोग्लिटाझोनसारखे साखरेचे जुने औषध शरीरात पाणी साठवते, म्हणून दुर्बल हृदयाच्या रोग्यास ते देत नाहीत. हृदयाची स्थिती कळली तर साखरेची गोळी कोणती द्यावी हेच बदलते, आणि तपासणीचा खरा उपयोग तो हाच.

बंधुभगिनींनो, निधी आपणा सर्वांच्या घामाचा आहे. कोणी दिवाळीच्या बोनसातून, कोणी पेन्शनीतून, कोणी दिवंगत आईवडिलांच्या स्मरणार्थ तो दिला. शंभर लोकांच्या हाती शंभर घाईचे अहवाल देऊन आपल्याला फोटो काढता येईल. परंतु ज्या दहापंधरांना खरी गरज आहे त्यांना शोधून, त्यांची पूर्ण तपासणी करून, गरिबांना वर्षभर औषध पुरविले, तर देणगीदारांचा पैसा सार्थकी लागेल. यास्तव कार्यकारी मंडळाने शिबिराची सूचना आज मंजूर न करता, प्रथम प्रश्नपत्रिका छापून घरोघर पाठवावी, अशी माझी नम्र विनंती आहे. तिचा मसुदा मी कार्यवाहांच्या हाती देत आहे. तो भरताना एकच पथ्य पाळा: पहिल्या प्रश्नाचे उत्तर खरे लिहा. कागद डॉक्टरांशिवाय कोणी पाहणार नाही, अशी हमी मंडळाने द्यावी.